पुलाअलीकडचं दूध

आमोणे,
१४ जानेवारी २०२५

सौ. शेवंतीबाईंना सुलोचनाचा नमस्कार.

फोनवर आपलं दोघींचं काय होतं ते परवा दोन्ही घरांनी ऐकलं. सेजल तुमच्या फोनशेजारच्या खोलीत निजलेली असते. आपल्या आईचा आणि सासूचा तो तमाशा तिने पुन्हा ऐकू नये म्हणून हे पत्र लिहिते आहे. आमचा साईश रोज सकाळी पणजीला कचेरीत जाण्याआधी इस्पितळात भाच्याला बघून येतो, आणि जावईबापू दुधाची पेटी घेऊन तिथे येतातच. त्या दोघांच्या हाती पत्रं येतील-जातील. पस्तीस वर्षं मुलांकडून पत्रलेखन करून घेतलं, आता विहिणीला लिहायची पाळी आली.

पहिलं बाळंतपण माहेरचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तारीख मार्चची होती. ओटी भरून तिला आणायची आमची तयारी चालली होती आणि मूल एकोणतिसाव्या आठवड्यातच आलं. त्यात कोणाचा दोष नाही. पण सहा दिवसांनी सेजल इस्पितळातून सुटली तेव्हा तुम्ही गाडी सरळ चोपड्याला वळवलीत, त्यात मात्र दोष आहे. मी इथे खोली झाडून, पाणी तापवून संध्याकाळपर्यंत दारात उभी होते. ह्यांना माझ्या तोंडाकडे बघवेना.

असो. टाके ओले असताना तिला पुन्हा हलवा असं मी म्हणणार नाही. पण मग माझी एकच गोष्ट ऐका. सव्वा महिना होईपर्यंत तिने नदी ओलांडायची नाही. इस्पितळाच्या वाटेवरच्या शिवोलीच्या पुलावर पाऊल टाकायचं नाही. माझ्या मामेबहिणीने विसाव्या दिवशी होडीत पाय ठेवला आणि पुढे चार महिने अंथरुणाला खिळली होती. बाळ काचेच्या पेटीत आहे, त्याला बघायला डॉक्टर आहेत, नर्सेस आहेत. तिथे ही बसून काय करणार? तिने घरी पडून राहावं, खावं, दूध काढून द्यावं. एवढं तरी माझ्या शब्दाखातर करा.

तुमची,
सुलोचना


चोपडे,
१६ जानेवारी

सुलोचनाबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. लाल पेन्सिलीने चुका काढून माझं पत्र परत पाठवाल म्हणून तुमच्या जावयाकडून, गौरेशकडून, एकदा वाचून घेतलं आहे. मी सातवी शिकले. काही राहिलं असेल तर राहू दे.

गाडी मी वळवली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ताप गेलाय पण फार हिंदकळू देऊ नका, जवळच्या घरी न्या. चोपडं जवळ की आमोणं ते तुम्ही शाळेतल्या नकाशावर बघा.

इथे तिचं काय चाललंय ते ऐका. दर तीन तासांनी घड्याळ लावून ती उठून बसते. पंप आहे, तो नको वाटला तर हाताने काढते. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहून चिकटवते, आणि गौरेश सकाळी बर्फाच्या पेटीत घालून नेतो. माझी पल्लवी चार महिन्यांचं मूल घेऊन इथे माहेरी आहे, ती तिला सोबत करते. सटीच्या रात्री पाटावर वही-पेन ठेवलं, दिवा लावला, आणि पाटासमोर मूल नाही. असली सटी मी जन्मात केली नव्हती. तरी केली. तुम्ही मला शिकवता होय, बाळंतिणीचं कसं करायचं ते?

नदीचं तर बोलूच नका. ते मला आमोण्याहून कळवायला नको. आमच्या घरात चार पिढ्यांत एक बाळंतीण सव्वा महिन्याआधी पूल ओलांडून गेलेली नाही. पूल नव्हता तेव्हा होडीने गेलेली नाही. परवा गौरेश इस्पितळातल्या आयांच्या खोलीचं घेऊन बसला. म्हणाला, “आये, सिस्टर सांगता, तिका हंयच घेवन ये, आवयांची खोली आसा.” मी म्हटलं, “आनी मदलो पूल खंय घालतलंस? बोल्सांत?” खिशात हात घालून बाहेर निघून गेला.

तर निदान एवढ्या एका गोष्टीत तुमचं माझं जमलं. देवाला नारळ ठेवते.

शेवंती


आमोणे,
२१ जानेवारी

शेवंतीबाईंना नमस्कार.

नारळ ठेवलात ते बरं केलंत, पण दुधाचं काय ते आधी सांगा.

साईश रोज बाटल्या बघतो. चौदा तारखेला दिवसाचं मिळून एकशेवीस मिली होतं. अठराला ऐंशी. काल साठ. मी गणित शिकवलेलं आहे, ही उतरती भाजणी मला कळते. बाळंतिणीला पोटभर मिळत नाही तेव्हाच असं होतं. तुम्ही तिला काय देता? पेज आणि सुकं लोणचं? तिला लहानपणापासून पेज उतरत नाही.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. काल डॉक्टरांनी साईशला पाच मिनिटं उभं करून समजावलं, ते जसंच्या तसं लिहिते. एवढ्या लवकर आलेल्या मुलाचा मेंदू अजून पुरता झालेला नसतो. शेवटच्या तीन महिन्यांत पोटात जे घडायचं ते आता त्या पेटीत घडतंय. मेंदूच्या घड्या पडायच्या आहेत, धागे एकमेकांना जोडायचे आहेत. त्या कामाला आईचं दूध लागतं. ज्यांना ह्या दिवसांत ते जास्त मिळालं त्यांचा मेंदू पुढे बरा वाढलेला दिसतो, असं तपासण्यांत आढळलंय म्हणे. आतड्याच्या एका वाईट आजारापासूनही ते वाचवतं. खात्री कशाचीच नाही, पण आपल्या हातात देण्यासारखं हेच एक आहे, असं डॉक्टर म्हणाले. नळीतून दोन-दोन मिली देतात ते दूध म्हणजे नुसती भूक भागवणं नव्हे, शेवंतीबाई. त्याचं बोलणं, चालणं, उद्याची पाटी-पेन्सिल सगळं त्यात आहे.

म्हणून सोबत नाचण्याची तिझण पाठवते आहे, गूळ आणि नारळाचा रस घातलेली. अळिवाचे लाडू आहेत. मेथी वेगळी बांधली आहे. दिवसातून तीनदा द्या. विसरू नका.

सुलोचना


चोपडे,
२३ जानेवारी

सुलोचनाबाई,

तिझण पोचली. डबा निम्मा पेटीत सांडला होता, बाटल्या धुवायला मला अर्धा तास लागला. पुढच्या वेळी झाकण घट्ट लावा.

पेज ती खाते. मासे खाते, मूग खाते, दूध-भात खाते. खात नसेल तर मी ताटासमोरून उठत नाही. तुमच्या मुलीला उपाशी ठेवायला आमच्याकडे काय दुष्काळ पडलाय?

तुम्हाला बाटल्याच मोजायच्या आहेत ना? मग उद्याची बाटली बघा, परवाची बघा. साईशला सांगा, नीट मोज म्हणून. सेजल बरी आहे. काळजी नको.

शेवंती


आमोणे,
२५ जानेवारी

शेवंतीबाईंना सप्रेम नमस्कार.

काल दोनशे मिली! साईशचा फोन आला तेव्हा मी हातातली पोळी तव्यावर जाळली. हे म्हणतात, आता नातू दीड किलोचा होतो बघ. तिझणीने गुण दाखवला की नाही? मी सांगत होते. नाचणी आणि अळीव, ह्यापुढे कोणाची डॉक्टरी चालत नाही.

तुम्हाला मागे थोडं लागेलसं लिहिलं असेल तर मनात धरू नका. दुसरा डबा पाठवते आहे. झाकणाला फडकं बांधलं आहे.

तुमची,
सुलोचना


आमोणे,
२७ जानेवारी

शेवंतीबाई,

आज तिथल्या विनोदिनी सिस्टरने साईशला बाजूला घेतलं. तिने विचारलं, “साठाचें दोनशें एका रातीन कशें जालें?” दूध बाजूला काढून ठेवलं आहे. शुक्रवारपासून एकही थेंब बाळाला दिलेला नाही. तिथे इतर आयांनी दिलेलं, तपासलेलं आणि तापवून ठेवलेलं दूध असतं, ते देताहेत. जावईबापूंना विचारलं तर ते म्हणे रिकामी पेटी उचलून गाडीकडे निघाले.

तुम्ही काय मिसळलंत? गाईचं? पावडरचं? पाणी? मला उत्तर द्या. मी तिझणीवर नाचत बसले आणि इकडे माझ्या नातवाच्या तोंडचं काढून ठेवलं जात होतं. तुमच्या मोठेपणापायी त्या एवढ्याशा डोक्याला काय झालं असतं, ह्याचा विचार तरी केलात? विहिणीला बाटल्या मोजायच्या आहेत म्हणून बाटल्या भरून पाठवल्यात!

आजच उत्तर हवं.

सुलोचना


चोपडे,
२८ जानेवारी

सुलोचनाबाई,

गाईचं नाही, पावडरचं नाही, पाणी तर नाहीच. पल्लवीचं आहे. तिला भरपूर येतं, तिच्या मुलाचं पोट भरून उरतं. आमच्या गावात एकीला कमी पडलं तर दुसरीने पाजायचं ही काही चोरी नव्हे. मला माझ्या थोरल्या काकीने पाजलेलं आहे, मी काही वेडी झाले नाही.

सिस्टरने काल गौरेशला सांगितलं, आता मला समजलं ते असं. दुसरीचं दूध तेही देतात, पण रक्त तपासून, तापवून. न तपासलेलं इतक्या नाजूक मुलाला चालत नाही. शिवाय लवकर बाळंत झालेल्या आईचं दूध वेगळंच असतं, त्याच मुलाच्या बेताचं. पल्लवीचं चार महिन्यांच्या गुटगुटीत पोराचं आहे. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हात लावला नसता. नाव सेजलचं लिहिलं, दूध पल्लवीचं घातलं, हे मी चुकले. माफी मागते, तुमची नाही, त्या मुलाची.

आता तुम्ही ऐका. बावीस तारखेला सेजलला दिवसभरात एक चमचा निघालं. एक चमचा. पंप लावून ती बसायची, बाटलीकडे बघायची, आणि डोळ्यांतलंच पाणी जास्त यायचं. मला म्हणाली, “मांय, माझा दूध आटला. आयेक सांगू नकात.” माझ्या गळ्याला हात लावून शपथ घातली. तिला तुमची भीती वाटते, बाई. तुमची पत्रं येतात आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, आज किती मिली म्हणून विचारलंय ते बघायला. मग मी काय करायचं होतं? तुम्हाला एक चमचा लिहून कळवायचं? मी बाटली भरली.

आणखी एक लपवलेलं आहे, तेही काढते, आता राहिलंय काय. ती इस्पितळात जायचं म्हणत होती. एकदा नाही, तीनदा. “मांय, माका थंय धाडात, त्येका बघूक जाय.” पहिल्यांदा मी पूल सांगितला. दुसऱ्यांदा पुन्हा पूल सांगितला. तिसऱ्यांदा ऐकेना, चपला घालून दारात आली. तेव्हा तुमचं पहिलं पत्र आणून तिच्या हातात दिलं. म्हटलं, बघ, तुझी आई काय लिहिते. तिने ते उभ्याने वाचलं. चपला काढल्या, आत गेली. त्यानंतर तिने विचारलेलं नाही.

हे कोणत्या तारखेला ते मला नीट आठवतं. सतरा. तुमच्या उतरत्या भाजणीत ती तारीख बसवून बघा.

शेवंती


आमोणे,
२९ जानेवारी

शेवंतीबाई,

तुमचं पत्र काल संध्याकाळी साईशने आणलं. मी रागावून लिहायला बसले होते, चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. आज सकाळी साईशबरोबर मीच इस्पितळात गेले.

नातवाला काचेतून पाहिलं. माझ्या तळहातात राहील एवढा आहे. त्याच्या टोपीखाली कपाळ असं नाहीच, टोपीच कपाळावर आली आहे. पलीकडे चार आया ओळीने खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यातली एक सत्तरीची, तुमच्याहून काळी आणि माझ्याहून लठ्ठ. ती आई नव्हे, आजी. सून बरी नाही म्हणून तीच नातीला छातीशी धरून बसली होती. बाकीच्या तिघींनी आपापली मुलं पोलक्याच्या आत, उघड्या अंगाशी बांधली होती. एकीला तर आठवडाही झाला नव्हता. ती पाळी गावाहून आली होती, वाटेत तिला दोन नद्या लागल्या असतील.

विनोदिनी सिस्टरला मी विचारलं, तिझण पाठवू की आणखी काही? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत मी ढ मुलांकडे बघायचे. “आजी, बाटली नाका. आवय हाडात.” बाटली नको, आई आणा. ती म्हणाली, मुलाला बघितल्याशिवाय, त्याचा वास घेतल्याशिवाय, अंगाशी धरल्याशिवाय दूध टिकत नाही. पंपाला पान्हा फुटत नाही. पहिल्या दिवसापासून मी त्याच्या बापाला सांगतेय, म्हणाली, तो हो म्हणून जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटी घेऊन येतो.

  तिथे ही बसून काय करणार, असं कोणी लिहिलं होतं? माझं अक्षर चांगलं आहे, गिरवून गिरवून लिहिलेलं. सेजलला ते लांबून ओळखता येतं.

तुमचं माझं एवढ्या एका गोष्टीत जमलं होतं. जेवणावरून भांडलो, गाडीवरून भांडलो, डब्याच्या झाकणावरून भांडलो. भांडायचं होतं ते नेमकं तिथे भांडलो नाही. तुम्ही तरी मला म्हणायचं होतंत, की सुलोचनाबाई, तुम्ही मूर्ख आहात.

पत्र मिळताक्षणी तिला घेऊन निघा. काही झालं तर माझ्या माथी. होऊ दे.

सुलोचना


चोपडे,
३० जानेवारी

सुलोचनाबाई,

तुमचं पत्र यायच्या आधीच निघालो. काल संध्याकाळी सेजलने बॅग भरली आणि अंगणात जाऊन बसली. या वेळी मी पूल सांगितला नाही. पल्लवीने तिचे केस विंचरले. आज सकाळी गौरेशने गाडी आणली, मी तिच्याशेजारी बसले. पूल आला. तिने काच खाली केली. मी म्हटलं, वारा लागेल. तिने ऐकलं नाही.

तुमचं पत्र तिथे इस्पितळातल्या खुर्चीवर बसून वाचलं. मूर्ख म्हणायचं राहून गेलं ते खरं. पण मग मला स्वतःलाही म्हणावं लागलं असतं.

शेवंती


इस्पितळ,
६ फेब्रुवारी २०२५

आई आणि मांय,

दोघींना एकच पत्र लिहिते. साईशदादा आधी मांयना दाखवील, मग आईला. त्यावरून भांडू नका.

त्याला माझ्या अंगावर ठेवला त्याला आज आठवा दिवस. पहिल्यांदा सिस्टरने नळ्या सांभाळत ठेवला तेव्हा मला वाटलं, अजून ठेवलाच नाही. वजनच नाही. भिजलेली चिमणी असावी तसा. त्याने डोकं जरा हलवलं, माझ्या मानेखाली नाक घातलं आणि झोपला. दहा मिनिटांनी माझा गाऊन भिजला. मी घाबरून सिस्टरला हाक मारली, मला वाटलं त्याची नळी सुटली. ती हसली, बाटली घेऊन आली. पहिल्या दिवशी तीस. काल दीडशे झालं. हे आकडे आई विचारणारच म्हणून लिहिते. ह्यापुढे विचारायचे नाहीत.

आता जे बोलायचं ते बोलते.

तुम्ही दोघींनी एकमेकींना पत्रं लिहिली. गौरेशना विचारलं, साईशदादाला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, सिस्टरला विचारलं. मला कोणी विचारलं? मला इस्पितळातून चोपड्याला नेलं तेव्हा तोच पूल होता, तीच नदी होती. घरी न्यायला चालली, परत आणायला चालली नाही. मी दारात चपला घालून उभी होते आणि माझ्या हातात माझ्याच आईचं पत्र. आई, तुझ्यापुढे बोलायची मला लहानपणापासून सवय नाही. तेव्हा चपला काढल्या त्यात माझाही दोष आहे, तो मी घेते.

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, सध्या ठीक आहे. मी विचारलं, मधले वीस दिवस मी घरी होते, माझं दूध कमी पडलं, त्याचं काय? ते म्हणाले, ते आता सांगता येणार नाही. दोन वर्षांचा होईपर्यंत बघत राहावं लागेल. कदाचित काहीच नसेल.

कदाचित काहीच नसेल. पण तो कुशीवर वळायला उशीर करील, तेव्हा मी ते वीस दिवस मोजीन. बोलायला उशीर करील, तेव्हा मोजीन. शाळेत कोणी म्हणेल की जरा मागे आहे, तेव्हा घरी येऊन मोजीन. तुम्ही दोघी म्हणाल, सगळी मुलं सारखी नसतात. एकमेकींना म्हणा. मला म्हणू नका.

मी तुमच्यावर रागावलेय आणि तो राग एवढ्यात जाणार नाही. तरी उद्यापासून या. एक दिवस आई, एक दिवस मांय. मी दोन तास झोपेन, तेवढा वेळ तुम्ही त्याला छातीशी घेऊन बसायचं. सिस्टरने परवानगी दिली आहे. बांगड्या काढून, हात कोपरापर्यंत धुऊन यायचं. डबा आणायचा नाही. त्याला काही सांगायचं नाही, मला काही सांगायचं नाही. नुसतं बसायचं.

सिस्टर हाक मारतेय, तो उठला आहे. कोणाला विचारायला थांबत नाही, जाते.

सेजल